टोंगाचा संघ कोण निवडतं?

मंडळी, विषयाला हात घालण्याआधी एका वहीबद्दल सांगतो.

ऑकलंडमध्ये माझी बारा वर्षं गेली. घर ओताहुहू भागात होतं. दक्षिण ऑकलंडमधली ही वस्ती मिश्र आहे. टोंगन, सामोअन, फिजीहून आलेले भारतीय वंशाचे लोक, पंजाबी, सगळे एकमेकांना लागून राहतात. आमच्या कुंपणापलीकडे एक टोंगन कुटुंब होतं. त्या घरातले आजोबा एक वही ठेवायचे. टोंगाचा रग्बी संघ जाहीर झाला की ते जेवणाच्या टेबलाशी बसायचे आणि पट्टी घेऊन रेघा मारायचे. पहिल्या रकान्यात खेळाडूचं नाव, दुसऱ्यात तो ज्या शहरात खेळतो ते शहर. कास्त्र, बोर्दो, ब्रिस्टल, ऑकलंड, सिडनी. तिसरा रकाना कोरा. तो भरायचा सामन्याच्या दिवशी. खेळाडू मैदानात उतरला की बरोबरची खूण, आलाच नाही तर एक आडवी रेघ.

एका रविवारी चर्चहून आल्यावर त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. मी पानं उलटत गेलो आणि तिसऱ्या रकान्यावर अडकलो. काही पानांवर खुणा कमी होत्या, आडव्या रेघाच जास्त. मी कारण विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “नावं आम्ही लिहितो. माणूस पाठवायचा की नाही, ते दुसरे ठरवतात.”

आज मला बोलायचं आहे ते या तिसऱ्या रकान्याबद्दल. प्रशांत महासागरातल्या छोट्या देशांचे रग्बी संघ कसे निवडले जातात, ते कोसळतात का आणि पुन्हा उभे करताना नेमकं काय उभं करावं लागतं, हे टोंगाच्या निमित्ताने आपण पाहू. शेजारच्या फिजी आणि सामोआकडेही जाऊ, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

टोंगा म्हणजे साधारण एक लाख लोकवस्तीचं राज्य. तिथे आजही राजा आहे. आपल्याकडे एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावात मावतील एवढी माणसं दूरदूरच्या बेटांवर विखुरलेली आहेत. २०१८च्या जनगणनेत एकट्या न्यूझीलंडमध्ये ८२ हजारांहून जास्त लोकांनी स्वतःची नोंद टोंगन अशी केली होती. ऑस्ट्रेलिया, अमेरिका वेगळेच. म्हणजे अर्धा देश देशाबाहेर. आणि घर चालतं ते बाहेरून येणाऱ्या पैशावर. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत परदेशातून येणारा पैसा ज्या देशांत सर्वाधिक आहे, त्यांत टोंगाचं नाव कायम वरच्या ओळीत असतं. त्यामुळे फ्रान्समधल्या क्लबचा करार ही तिथे एका खेळाडूची कमाई नसते. त्यावर आईवडिलांचं घर उभं राहतं, भावंडांची फी भरली जाते, गावच्या चर्चचं छप्पर होतं. हे लक्षात ठेवून पुढचं ऐका, नाहीतर जे खेळाडू येत नाहीत त्यांच्यावर अन्याय होईल.

रग्बीत जागतिक संघटनेचा एक नियम आहे. ठरलेल्या आंतरराष्ट्रीय कालावधीत क्लबने खेळाडूला देशासाठी मोकळं सोडलंच पाहिजे. हा कालावधी साधारण जुलैत आणि नोव्हेंबरमध्ये येतो, शिवाय विश्वचषक. कागदावर नियम चोख आहे. पण करार कोणाचा वाढवायचा आणि कोणाचा नाही, हे कोणत्याही नियमात लिहिलेलं नसतं. फ्रान्समध्ये क्लबना स्थानिक पातळीवर घडलेल्या खेळाडूंची ठरावीक संख्या राखावी लागते, त्यामुळे परदेशी खेळाडूसाठी जागा मोजक्या. अशा वेळी ऐन मोसमात महिनाभर देशासाठी जाणारा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला भारदस्त खेळाडू, आणि वर्षभर क्लबकडेच राहणारा प्रॉप यांतला कोण व्यवस्थापनाला सोयीचा, हे सांगायला नको. मग खेळाडू पंचविशीतच आंतरराष्ट्रीय रग्बीतून निवृत्ती जाहीर करतो. क्लबने अडवलं असं कोणी म्हणू शकत नाही. वहीत आडवी रेघ पडते, एवढंच.

आपल्याला याची थोडी ओळख वेस्ट इंडिजच्या क्रिकेटमुळे आहे. तिथले मोठे खेळाडू लीग खेळायला जातात आणि देशाचा संघ ज्यांच्यावर उभा राहायचा तेच नसतात. रग्बीत हा प्रकार त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला आहे आणि जास्त खोल गेलेला आहे, कारण या खेळात बदली माणूस सहज मिळत नाही. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक नसला तर दुसरा कोणीतरी ग्लोव्ह्ज घालून वेळ निभावतो. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात त्या प्रकारात, पुढच्या फळीत प्रॉप आणि त्यांच्या मधला हुकर लागतात, आणि ते त्या जागेचं शिक्षण घेतलेलेच लागतात. समोरून आठ माणसांचा भार मानेवर येतो, तिथे कामचलाऊ माणूस उभा केला तर त्याची मान मोडू शकते. म्हणून तेवीस जणांचा चमू असेल तर त्यात पुढच्या फळीचे सहा खेळाडू हवेतच असा नियम आहे. आता विचार करा, तुमचे दोन हुकर युरोपात अडकले तर काय? चौथ्या-पाचव्या पसंतीचा मुलगा, जो आठवडाभर नोकरी करून शनिवारी क्लबकडून खेळतो, तो थेट जगातल्या सर्वोत्तम संघासमोर उभा राहतो.

३ जुलै २०२१ला मी हे डोळ्यांनी पाहिलं.

ऑकलंडचं माउंट स्मार्ट स्टेडियम, न्यूझीलंड विरुद्ध टोंगा. कोरोनाचा काळ. सीमा बंद, विलगीकरणाच्या जागा मोजक्या. युरोपात खेळणारे टोंगन खेळाडू येऊ शकले नाहीत. प्रशिक्षक तौताई केफू यांनी न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात जे हाताशी होते त्यांना घेऊन संघ उभा केला. तेवीस जणांत तेरा जणांचं पदार्पण होतं. शेजारचे आजोबा, त्यांचा नातू आणि मी एका रांगेत बसलो होतो. सामन्याआधी टोंगाच्या खेळाडूंनी सिपी ताऊ केला. ते त्यांचं युद्धनृत्य. आमच्या आजूबाजूचे सगळे लोक उभे राहिले. पुढची ऐंशी मिनिटं बघवत नव्हती. न्यूझीलंडचा विंगर विल जॉर्डन याने एकट्याने पाच ट्राय केले, म्हणजे पाच वेळा चेंडू आमच्या रेषेपलीकडे टेकवला. धावफलक १०२-० वर थांबला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत, टीव्हीवर एकच प्रश्न होता: असे सामने खेळवायचेच कशाला? मला त्या प्रश्नाचा राग आला होता आणि अजूनही येतो. जे तेरा जण पहिल्यांदा लाल जर्सी घालून आले, त्यांनी काही चूक केली नव्हती. पदार्पणाला मागच्या फळीत उभा असलेला एक मुलगा शेवटच्या दहा मिनिटांतही ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडच्या खेळाडूंना, अडवायला झेप घेत होता आणि प्रत्येक वेळी अर्ध्या पावलाने कमी पडत होता. ते अर्धं पाऊल सरावातून येतं. त्या संघाला सराव मिळाला होता काही दिवसांचा. आजोबांच्या वहीत त्या दिवशी सगळ्या खुणा बरोबरच्या होत्या, कारण यादीच मुळात येऊ शकणाऱ्यांची होती.

त्याच महिन्यात विश्वचषक पात्रतेचे दोन सामने सामोआविरुद्ध झाले. टोंगा पहिला १३-४२ आणि दुसरा १५-३७ असा हरला. मग हिवाळी दौऱ्यात ३० ऑक्टोबरला स्कॉटलंडकडून १४-६० आणि आठवडाभराने इंग्लंडकडून ३-६९. तळ म्हणतात तो हाच.

आता या केफूंबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण टोंगाच्या रग्बीचा सगळा गुंता त्यांच्या एका घरात सापडतो. १९७३च्या जूनमध्ये टोंगाने ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाला १६-११ असं हरवलं होतं. टोंगाच्या इतिहासातला तो सोनेरी दिवस. त्या संघात फताई केफू होते. त्यांचा मुलगा तौताई टोंगात जन्मला आणि पुढे ऑस्ट्रेलियाकडून साठ कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने, खेळला, १९९९चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. बापाने ज्या देशाला हरवलं, त्याच देशाच्या जर्सीत मुलगा जगज्जेता झाला. आणि शेवटी तोच मुलगा टोंगाचा प्रशिक्षक म्हणून परत आला.

अशी घरं कितीतरी. फेआओ वुनिपोला १९९५ आणि १९९९च्या विश्वचषकांत टोंगाकडून खेळले, त्यांची मुलं माको आणि बिली इंग्लंडकडून. कुली फालेताऊ टोंगाकडून खेळले, वेल्समधल्या क्लबकडे गेले, आणि टोंगात जन्मलेला त्यांचा मुलगा तौलुपे वेल्सचा आधारस्तंभ झाला. जोना लोमूचं नाव तर रग्बी न पाहणाऱ्यांनीही ऐकलं असेल. त्याचे आईवडील टोंगन. यात गद्दारी कसली? मुलं जिथे वाढली तिथल्या देशाकडून खेळली. पण आणखी एक गोष्ट आहे. निवड अनेकदा पंधराव्या-सोळाव्या वर्षीच झालेली असते, आणि ती राष्ट्रीय निवड समिती करत नाही. ऑकलंडमधली एखादी शाळा शिष्यवृत्ती देते आणि मुलगा बेट सोडतो. मलाकाई फेकितोआ हापाई बेटांवर वाढलेला, शिष्यवृत्तीवर ऑकलंडला आलेला. २०१४ साली ऑल ब्लॅक झाला. न्यूझीलंडकडून २४ कसोटी खेळला, आणि मग तिशीच्या आतच त्या संघातून बाहेर पडला.

इथेच जुना नियम आड यायचा. एकदा एका देशाच्या मुख्य संघातून खेळलात की त्याच देशाचे झालात, कायमचे. ऑलिम्पिकच्या सात खेळाडूंच्या रग्बीतून एक आडवाट होती, पण ती अरुंद आणि खटपटीची. म्हणजे न्यूझीलंडला जो खेळाडू आता नको होता, तो टोंगालाही मिळत नव्हता. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी ज्यांचं काम संपलं असं मोठ्या देशांनी ठरवलं, असे कितीतरी खेळाडू पुढची दहा वर्षं कोणत्याच देशाकडून खेळले नाहीत.

रग्बी लीग या सख्ख्या भावंडात, म्हणजे तेरा जणांच्या खेळात, २०१७ला एक घटना घडली होती. जेसन ताउमालोलो हा त्या खेळातला जगातला अव्वल फॉरवर्ड. न्यूझीलंडचा संघ सोडून त्याने विश्वचषकासाठी टोंगाची निवड केली. त्या खेळाच्या नियमात तशी मोकळीक होती. टोंगाने हॅमिल्टनमध्ये न्यूझीलंडला २८-२२ असं हरवलं. ओताहुहूचा मुख्य रस्ता तेव्हा लाल झाला होता. गाड्यांच्या खिडक्यांतून, टपावरून झेंडे, आणि वृद्ध बायका रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून गात बसलेल्या. मी त्या गर्दीत होतो. देशाला हवं ते इतकंच असतं, की आपलं माणूस आपल्यासाठी खेळावं.

पंधरा जणांच्या रग्बीने नियम बदलला तो नोव्हेंबर २०२१मध्ये, आणि तो १ जानेवारी २०२२पासून लागू झाला. एखादा खेळाडू तीन वर्षं कोणत्याही देशाकडून खेळला नसेल, तर तो एकदाच देश बदलू शकतो. मात्र त्याचा, त्याच्या आईवडिलांपैकी कोणाचा किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा जन्म त्या देशात झालेला हवा.

टोंगासाठी हे बांध फुटल्यासारखं झालं. चार्ल्स पिउताऊ, फेकितोआ, जॉर्ज मोआला, वाएआ फिफिता, ऑगस्टिन पुलू हे माजी ऑल ब्लॅक्स आणि इस्राएल फोलाऊ, ॲडम कोलमन हे माजी वॉलबी, म्हणजे ऑस्ट्रेलियाचे खेळाडू, टोंगाला मिळाले. वर्षभरापूर्वी जो प्रशिक्षक तेरा नवख्यांना घेऊन उतरला होता, त्याच्यासमोर अचानक जगातल्या मोठमोठ्या नावांची यादी होती.

आणि २ जुलै २०२२ला फिजीतल्या सुव्हामध्ये, या नव्या काळातल्या पहिल्याच मोठ्या सामन्यात, टोंगा फिजीकडून ०-३६ असा हरला.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथे. मोठी नावं आली म्हणजे संघ आला, असं होत नाही. हे खेळाडू आयुष्यात कधी एकत्र खेळले नव्हते. कोणी जपानमधून आला, कोणी इंग्लंडमधून, कोणी फ्रान्समधून. प्रत्येकाच्या क्लबची बचावाची पद्धत वेगळी, लाइनआउटच्या खुणा वेगळ्या. लाइनआउट म्हणजे चेंडू बाहेर गेल्यावर तो आत फेकून उंच उचललेल्या खेळाडूने झेलायचा प्रकार. फेकणारा हुकर, उडी मारणारा लॉक आणि त्याला उचलणारे दोघे, अशा चौघांची वेळ एका सेकंदाच्या पावभागात जुळावी लागते. ही वेळ आठवड्यात जुळत नाही, शेकडो वेळा एकत्र फेकून, एकत्र चुकून ती जुळते. आयर्लंडचे खेळाडू वर्षभर एकमेकांच्या शेजारी सराव करतात, कारण त्यांच्या चारही प्रांतिक संघांवर राष्ट्रीय संघटनेचाच ताबा आहे. टोंगाचे खेळाडू विमानतळावर भेटतात.

तरीही त्याच महिन्यात, २३ जुलैला, टोंगाने हाँगकाँगला ४४-२२ असं हरवून २०२३च्या विश्वचषकाची जागा पक्की केली. ते महत्त्वाचं होतं, आणि त्याचं श्रेय नव्या-जुन्या दोन्ही खेळाडूंचं आहे. विश्वचषकाला गट मिळाला तो आयर्लंड, स्कॉटलंड आणि दक्षिण आफ्रिकेचा. आयर्लंड तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता, आणि चषक अखेर दक्षिण आफ्रिकेने नेला. फोलाऊ दुखापतीमुळे आलाच नाही. मोआलाला त्याआधीच्या कॅनडाविरुद्धच्या सामन्यात लाल कार्ड मिळालं आणि तो सुरुवातीला बंदीमुळे बाहेर. कर्णधार होता बेन तामेइफुना, बोर्दोकडून खेळणारा दीडशे किलोंच्या घरातला प्रॉप. आयर्लंडविरुद्ध १६-५९, स्कॉटलंडविरुद्ध १७-४५, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १८-४९. शेवटच्या सामन्यात लीलमध्ये रोमानियावर ४५-२४ असा विजय.

आकडे वाचले तर निराशा वाटेल. पण शंभरावरून पन्नाशीवर येणं, आणि जगज्जेत्यांविरुद्ध अठरा गुण करणं, हे दोन वर्षांतलं अंतर मी कमी मानत नाही. पुढचं अंतर मात्र खेळाडूंच्या नावांनी कापलं जाणार नाही, हेही त्या स्पर्धेने दाखवलं. त्याच स्पर्धेत शेजारच्या फिजीने काय केलं ते पाहा.

फिजीचीही २०१९ला तीच अवस्था होती. जपानमधल्या त्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळल्यावर चार दिवसांत कामाइशीला उरुग्वेसमोर उतरावं लागलं, संघ बराचसा बदलला, आणि फिजी २७-३० असा हरला. गुणवत्ता अफाट, पण घडी बसलेली नाही. मग २०२२मध्ये एक मोठं पाऊल पडलं. फिजियन द्रुआ नावाचा व्यावसायिक संघ न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या सुपर रग्बी स्पर्धेत दाखल झाला. द्रुआ म्हणजे दोन नावा जोडून बांधलेलं फिजीचं जुनं शिडाचं गलबत. पहिला मोसम कोरोनामुळे ऑस्ट्रेलियातल्या लेनॉक्स हेड या किनाऱ्यावरच्या गावात मुक्काम ठोकून काढावा लागला. दुसऱ्या वर्षी संघाचा तळ मायदेशी आला, आणि मार्च २०२३मध्ये लाउतोकाच्या मैदानावर त्यांनी न्यूझीलंडच्या गतविजेत्या क्रूसेडर्स संघाला २५-२४ असं हरवलं.

याने नेमकं काय बदललं? मुलाला घर न सोडता पगार मिळू लागला. पंचवीस-तीस जण वर्षातले आठ-नऊ महिने एकत्र राहू लागले, एकाच प्रशिक्षकाखाली, एकाच खुणांवर. ऑगस्ट २०२३मध्ये सायमन राईवालुई यांच्या फिजी संघाने लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडला ३०-२२ असं हरवलं. इंग्लंडवरचा हा फिजीचा पहिलाच विजय. त्या संघाचा फ्लाय-हाफ, म्हणजे खेळाची दिशा ठरवणारा खेळाडू, केलेब मुंट्झ द्रुआतून घडलेला होता. विश्वचषकाच्या तोंडावर त्याचा गुडघा दुखावला. पूर्वीचा फिजी असता तर सगळा डाव तिथेच ढासळला असता. पण तेती तेला हा दुसरा द्रुआचाच खेळाडू त्या जागेवर आला आणि आजूबाजूच्यांना ओळखत होता. सेंट एतिएनमध्ये फिजीने ऑस्ट्रेलियाला २२-१५ असं हरवलं, १९५४नंतर पहिल्यांदा. पोर्तुगालकडून एका गुणाने हरूनही ते उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले आणि तिथे इंग्लंडला शेवटपर्यंत झुंजवून २४-३० असे हरले. पुढे द्रुआचे सुपर रग्बीतले पहिले प्रशिक्षक मिक बर्न राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, आणि २०२४च्या नोव्हेंबरमध्ये फिजीने कार्डिफला वेल्सला २४-१९ असं हरवलं.

जाता जाता, आपल्या अंधेरीच्या क्रीडा संकुलात जून २०२५मध्ये सात जणांच्या रग्बीची लीग झाली, तेव्हा फिजीचे खेळाडू आले होते. ज्यांनी ते सामने पाहिले त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. चेंडू मागे न बघता दिला जातो आणि तिथे कोणीतरी असतोच. फिजीने या प्रकारात रिओ आणि टोकियोची सुवर्णपदकं जिंकली आहेत. ही उपजत देणगी आहे असं आपण पटकन म्हणून जातो. मला तो शब्द आवडत नाही. तो माणूस तिथे असतो, कारण दोघे लहानपणापासून एका मैदानावर वाढलेले असतात.

टोंगाकडे असं गलबत नाही. टोंगा आणि सामोआच्या खेळाडूंसाठी मोआना पासिफिका नावाचा संघ २०२२पासून सुपर रग्बीत उतरला खरा, पण त्याचा तळ ऑकलंडला. विमानाने तीन तासांच्या अंतरावर. टोंगाची राजधानी नुकुआलोफाच्या शाळेतला मुलगा त्याला रोज पाहू शकत नाही. जून २०१७मध्ये वेल्सचा संघ टोंगाशी खेळायला आला होता. नुकुआलोफाचं तेउफाइवा मैदान तयार नव्हतं, म्हणून तो सामना ऑकलंडच्या इडन पार्कवर झाला. आजोबांनी वहीत त्या पानाच्या डोक्यावर ‘घरचा सामना’ असं लिहिलं होतं.

पैशाचा मुद्दा आता टाळता येणार नाही. पाहुण्या संघाला सामन्याच्या तिकिटांच्या उत्पन्नात वाटा नसतो, ही जुनी पद्धत. ऐंशी हजार लोक ट्विकनहॅमला टोंगा किंवा सामोआ पाहायला येतात, आणि गल्ला यजमानांकडे राहतो. २०१७ला सामोआची संघटना दिवाळखोर झाल्याचं खुद्द त्यांच्या पंतप्रधानांनी सांगितलं. त्या वेळच्या इंग्लंड-सामोआ सामन्यासाठी इंग्लंडच्या खेळाडूला २२ हजार पौंड आणि सामोआच्या खेळाडूला ६५० पौंड मिळत असल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. त्याआधी २०१४ला सामोआच्या खेळाडूंनी स्वतःच्याच संघटनेच्या कारभाराविरुद्ध संपाचा इशारा दिला होता. तेही दडवू नये. बाहेरचा अन्याय खरा आहे आणि घरातला गोंधळही खरा आहे. ज्या सामोआने १९९१ला कार्डिफमध्ये वेल्सला १६-१३ असं हरवून जगाला हादरवलं, त्याच सामोआला २०२७च्या विश्वचषकासाठी नोव्हेंबर २०२५मध्ये दुबईत शेवटच्या पात्रता स्पर्धेपर्यंत जावं लागलं. बेल्जियमशी १३-१३ अशी बरोबरी झाली आणि चोविसावी, शेवटची जागा त्यांना मिळाली.

टोंगा त्याच वर्षी थेट पात्र ठरला. केफूंनंतर तेविता तुइफुआ हे प्रशिक्षक आहेत. पुढचा विश्वचषक ऑस्ट्रेलियात आहे, म्हणजे सिडनी-ब्रिस्बेनच्या टोंगन वस्त्यांच्या दारात. मला तुइफुआंकडून आणखी तारे नको आहेत. मला हवं आहे की त्यांना प्रॉप, हुकर आणि हाफ ही कणा असलेली सात-आठ माणसं सलग दोन मोसम मिळावीत, तीच ती, दर वेळी. तिशी ओलांडलेल्या माजी ऑल ब्लॅकचं मोल मोठं आहे, पण ते संघाला धरून ठेवणाऱ्याचं. त्याने कोवळ्या हुकरच्या शेजारी राहावं, सराव संपल्यावर त्याच्याबरोबर शंभर वेळा चेंडू फेकावा. फेकितोआ किंवा पिउताऊ यांच्या पिढीने टोंगाला जे द्यायचं ते एका सामन्यापेक्षा या सहवासात जास्त देता येतं. आणि संघटनेने प्रत्येक क्लबशी खेळाडूगणिक बोलणी करावीत, करार संपण्याच्या आधी, खेळाडूला एकटं सोडून नव्हे. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला टाळ्या मिळत नाहीत. तिसरा रकाना त्यानेच भरतो.

मी भारतात परतलो त्याला आता काही वर्षं झाली. त्या घराशी संबंध टिकला आहे. आजोबा ऐंशीच्या जवळ आलेत, हात थरथरतो, म्हणून रेघा नातू मारतो. तो आता सतरा वर्षांचा आहे, हुकर म्हणून खेळतो, जन्म ऑकलंडचा. गेल्या महिन्यात त्याच्या शाळेकडून एक अर्ज घरी आला. वयोगटाच्या प्रातिनिधिक शिबिराचा. त्यात कोणत्या देशासाठी पात्र आहात असा एक प्रश्न होता, आणि उत्तरासाठी दोन ओळींची जागा. त्याने न्यूझीलंड लिहिलं. दुसऱ्या ओळीवर टोंगा लिहिलं. मग आजोबांना वाचून दाखवलं.

आजोबांनी वही मागवली. मला त्या पानाचा फोटो आला आहे. वर २०२७ लिहिलंय, खाली तीन रकाने आखलेत. हुकरच्या ओळीत अजून कोणाचंच नाव नाही. शहराच्या रकान्यात मात्र त्यांनी स्वतःच्या थरथरत्या हाताने लिहिलंय: ओताहुहू.